मोड

हडपसरच्या गाडीतळावर कंडक्टर म्हणाला,
"पाचशेची मोड सकाळी सकाळी कुठनं आणू, मॅडम?"
आणि तिकीट न फाडताच पुढे सरकला.
मांजरी येईपर्यंत मी नोट हातात धरून बसले,
पैसेवाली आणि फुकटी.

उसाच्या डोळ्याचंही असंच.
कांडीत साखर ठासून भरलेली
आणि तो तिच्या कुशीत उपाशी.
अख्खी साखर त्याला खर्चता येत नाही.
ती मोडावी लागते, एकाची दोन करून,
ग्लुकोज इकडे, फ्रुक्टोज तिकडे,
मग कुठे श्वासाचा व्यवहार सुरू होतो.
मोडून देणारं विकर पेशीत झोपलेलं असतं.
त्याला ओल हवी, ऊब हवी,
आणि वरून शेंड्याचा निरोप थांबायला हवा.
उभ्या उसात शेंडा रोज खाली सांगत असतो,
थांबा, अजून मी आहे.
पेरापेरांवरचे डोळे
वर्षभर ऐकतात.

चांगुणाबाई झगडे तो निरोप कोयत्यानं तोडतात.
एका डोळ्याची टिपरी, एक घाव, तिरका नाही.
रात्रभर चुन्याच्या निवळीत,
सकाळी गोणपाटाखाली ढीग.

मी त्यातले दर बारा तासांनी तीन उचलते,
पिशवीवर आकडा घालते,
बर्फाच्या डब्यातून वर नेते,
खलात वाटते.
परीक्षानळीतलं पिवळं पाणी उकळलं
की हळूहळू विटकरी होतं.
जितकं विटकरी, तितकी साखर मोडलेली.
मला तो रंग आवडतो. कुणाला सांगितलेलं नाही.

शेंड्याकडची कांडी, चवीला पाणचट,
तिचा रंग आधी चढतो.
बुडख्याची, जिला चोखून पोरं भांडतील,
ती आठवडाभर पिवळीच.
वहीत मी लिहिते: साठा जास्त, हालचाल कमी.
लिहिताना मला आमचे मोठे काका आठवतात,
पण त्याला रकाना नाही.

पौषात मांजरीचा पारा नऊवर गेला.
ढीग मुका.
चांगुणाबाईंनी गोणपाटाखाली हात घातला,
कोपरापर्यंत,
आणि तसाच ठेवला, तापलेल्या पोराच्या
पाठीवर ठेवावा तसा.
"आतनं कोमट हाय," म्हणाल्या. "परवा बघा."
माझा तापमापक अजून दप्तरातच होता.

परवा त्या जिन्याखालून ओरडल्या,
"फुटले डोळे! सगळ्यांचे फुटले!"
फाटकावरचा नवा वॉचमन
पहिल्यांदा बावरला, मग धावत आला.
आमच्याकडे ही शिवी नाही,
हे त्याला समजावताना
मीच हसत सुटले.

त्या दिवशीचे तीन मी उशिरा उचलले.
कोंब मुगाएवढे, टोक जांभळं.
तसेच वाटले. वाटावेच लागतात.
ज्या डोळ्याचं मला सगळं कळतं,
मिलिग्रॅमपर्यंत, दशांशापर्यंत,
तो कधीच फुटायचा नाही
आणि जो फुटतो
त्याच्याबद्दल मी फक्त
शेजाऱ्यावरून बोलते.

सोमवारी बेसिन तुंबलं.
प्लंबरनं खालची वाटी सोडवली
आणि गाळ, टिश्यूचा लगदा, तुटकी काचकांडी
यांच्यात एक टिपरी निघाली.
कधी निसटली होती, कोण जाणे.
आकडा पुसलेला.
कोंब बोटभर, पांढराफटक, वाकडा,
उजेडाच्या दिशेनं नाही,
नुसता जिकडे जागा होती तिकडे.

"फेकू का?" त्यानं विचारलं.

ती वहीत बसत नव्हती.
कुठल्या तासाची, कुठल्या पेराची,
किती मोडलं, किती उरलंय, काही नाही.
मी ती ओंजळीत घेऊन खाली आले.
चांगुणाबाईंनी पाहिली, वास घेतला,
सायकल-स्टँडमागे टाचेनं माती उकरली.
मग कमरेची पिशवी सोडून
नाणी मोजून माझ्या हातावर ठेवली,
"धरा, बसला. रोज रोज फुकट जाऊ नये माणसानं."

पाचशेची ती नोट
अजून तशीच आहे,
दप्तराच्या आतल्या कप्प्यात.